जिचं पाणी प्यालो, तिचं नाव

जिजी, तुमचं नाव मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. कऱ्हा. लिहून झालं तरी वीज पडली नाही, म्हणजे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं, तोंडानं म्हणायचं, ते काही जमेना. सकाळपासून दोनदा प्रयत्न केला. खोलीचं दार लोटून घेतलं, खाटेवर तुमची नात झोपलेली, दुसरं माणूस नाही, तरी जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच. सासूचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, हे मला कुणी समोर बसवून शिकवलं नव्हतं. पण असल्या गोष्टी न शिकवताच अंगात मुरतात.

उद्या बारसं आहे. त्याच्या आत मला हे जमायला हवं, म्हणून लिहायला बसले आहे. बसले म्हणजे काय, चार ओळी लिहिते आणि उठते. माझी आई बारामतीहून आली आहे, ती ओरडते, “बाळंतीण हायस, पड की जरा!” कानाला रुमाल, खोलीत ओव्याची धुरी, खाटेखाली निखाऱ्यांची पाटी. ह्या सगळ्यात मी पिंजऱ्यातल्यासारखी फेऱ्या मारते. खरं तर इथं तुम्ही असायला हव्या होत्या. “पहिलं बाळंतपण म्हायेरी झालं, दुसऱ्याला म्या हाय,” असं तुम्हीच म्हणाला होता. डिंक आणून ठेवलात, खारका फोडून ठेवल्यात, आणि लाडू वळायच्या आधी निघून गेलात. तुमच्या डिंकाचे लाडू माझी आई वळते आहे. गोड जास्त झालेत. तुम्ही नाक मुरडलं असतं.

मला तुमचा राग येतो आहे, हे आधीच सांगते. रडून झालं आहे, ते वेगळं.

पहिला राग दशक्रियेचा. मी काही घाटावर गेले नव्हते, नववा महिना संपत आलेला. पण तुमच्या मुलानं घरी येऊन सांगितलं ते असं. नीरेच्या काठावर सगळी भावकी जमलेली. गुरुजींनी विचारलं, “मयताचं नाव?” आबांकडं सगळ्यांनी बघितलं. आबा गप्प. आयुष्यभर ज्या माणसानं बायकोला नावानं हाक मारली नाही, तो तिथं काय बोलणार! गुरुजींनी परत विचारलं. बाप बोलत नाही तिथं पोरगा कसा बोलणार, म्हणून तुमचा मुलगाही मुंडण केलेलं डोकं खाली घालून उभा. शेवटी भावकीतल्या कुणा तात्यांनी तोड काढली, “जिजी म्हणत हुती न्हवं समदी? मग जिजाबाई म्हणा की.” आणि गुरुजींनी म्हटलं. पिंड मांडले, माणसं मागं सरली, आणि कावळा लगेच शिवला. एकदम. कुणाला काही कबूल करावं लागलं नाही, पोरांना सांभाळू, आबांना बघू, काही नाही. सगळे खूश. जीव कशातच अडकला नव्हता म्हणे, भाग्याची बाई.

मला हे पटत नाही. तो पिंड जिजाबाई नावाच्या कुणा बाईचा होता, तिला लाभो. तुमचा अजून बाकी आहे. हे मी तुमच्या मुलाला बोलून दाखवलं तर तो म्हणाला, “आगं, देवाला कळत नसंल व्हय?” देवाला कळत असेल. पण मला विचारायचं आहे ते तुम्हाला. खरंच तुमचं काही राहिलं नव्हतं?

तुमचं नाव मला पहिल्यांदा कळलं तेही तुमच्याकडून नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीतली गोष्ट. तुम्ही भाकऱ्या थापत होता, मी शेजारी बसून चुलीत काड्या सारत होते. एवढ्यात लांबून, फाट्याकडच्या बांधावरून, हाक आली. “कऱ्हेऽऽऽ!” तुम्ही हातातली भाकरी परातीत टाकलीत आणि पिठाच्या हातांनी पळत सुटलात. मी तुम्हाला कधी पळताना बघितलं नव्हतं. मागून उठून बघते तर बांधावरून फेटा बांधलेला, काठी टेकत येणारा म्हातारा, आणि त्याच्यासमोर उभ्या तुम्ही, परकरातल्या पोरीसारख्या. ते तुमचे भाऊ, लोणी भापकरचे मामा. एसटीतून फाट्यावर उतरायचे आणि घर दिसायच्या आधी हाक मारायचे. तव्यावरची भाकरी करपून गेली. मी ती उलथायची सोडून नावाचाच विचार करत होते.

तुम्हाला माहीत आहे, माझं नाव संगीता. बारामतीला शाळेत आमच्या वर्गात तीन संगीता होत्या. बाई हाक मारायच्या तेव्हा तिघी उभ्या राहायच्या, आणि दोघींना खाली बसवायच्या. मी बहुतेक बसणारी. आता माझ्या अंगणवाडीत पूजा म्हणून हाक मारली की निम्म्या मुली वळतात, त्यात आपलीही एक. उरलेल्या प्रियांका नाहीतर काजल. आणि इथं माझ्या घरात, चुलीपुढं, असं नाव होतं जे निरवांगीत नाही, कळंबला नाही, पार इंदापूर धुंडाळलं तरी दुसरं सापडायचं नाही, आणि ते वापरत कुणी नव्हतं! आबा तुम्हाला खोकून बोलवायचे. एक खोकला पाण्याचा, एक जेवणाचा, आणि घसा खाकरून काढलेला तिसरा, तो पाहुणे आल्याचा. बाकी दुनियेला तुम्ही जिजी.

त्याच दिवाळीत शेंगा फोडता फोडता मी तुमच्या मागं लागले. हे नाव आलं कुठून? तुम्ही आधी उडवून लावलंत. मग सांगितलंत. तुमचे वडील मेंढरं राखायचे. तुमचा जन्म झाला ते साल दुष्काळाचं. लांबचा मुलूख फिरून कळप गावी परतला तर गावातही पाणी नाही, विहिरी आटलेल्या. नदी तर नेहमीच कोरडी. तेव्हा तुमच्या वडिलांनी कऱ्हेच्या वाळूत झरे खणले, हातानं, आणि वाटी वाटी पाणी उपसून मेंढरांना पाजलं. तुम्ही तिथंच झालात, नदीकाठच्या पालात. बारशाला तुमच्या आत्यानं गंगा नाव ठरवून आणलं होतं. तुमच्या वडिलांनी तिला पाळण्यापाशीच अडवलं. म्हणाले, “गंगा म्या बघितली न्हाय. तिचं पानी गॉड का खारं मला ठावं न्हाय. आवंदा मेंढरं जगली ती हिच्या झऱ्यावर. जिचं पानी प्यालो तिचं नाव ठिवा.”

हे सांगताना तुम्ही बापाचा आवाज काढला होता. तो आवाज माझ्या कानात आहे.

मग मी माझी हुशारी दाखवली. म्हटलं, “आमच्या बाई सांगायच्या, देवाचा कमंडलू लवंडला आणि त्यातनं कऱ्हा झाली.” तुम्ही शेंग दातानं फोडलीत आणि म्हणालात, “लवंडला आसंल. माझ्या बापाला झराच खणावा लागला.” तरी मी थांबले नाही. म्हटलं, “कऱ्हा सोनगावला नीरेला मिळते, तिथून पुढं तिला सगळे नीराच म्हणतात. तुमचं पण तसंच झालं, जिजी.” मला वाटलं काय भारी बोललो आपण, आता तुमच्या डोळ्यांत पाणी येणार. तुम्ही म्हणालात, “पानी तर त्येच हाय न्हवं? मग झालं. त्या टरफलांची पाटी उचल.”

पुढं वर्षभरातच मामा गेले. त्यांचं दहावं करून तुम्ही परत आलात तेव्हा संध्याकाळ होती. तुम्ही पिशवी खुंटीला अडकवलीत, पाय धुतलेत, आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, “झालं. आता नावानं हाक मारणारं कुणी न्हाय ऱ्हायलं.” आणि शेळीला पेंड घालायला गेलात. एवढंच. परत कधी त्यावर अक्षर काढलं नाहीत. पण माझ्या डोक्यात ते वाक्य रुतून बसलं, त्याला मी काय करू?

म्हणून तर मी ते बोलले. पूजाच्या वेळी मला सातवा लागला होता. अंगणात ऊन खात बसलो होतो, तुम्ही सुपात बाजरी पाखडत होता. मी एकदम म्हटलं, “जिजी, मुलगी झाली तर मी तुमचं नाव ठेवणार.” सूप हवेतच थांबलं. मला वाटलं आनंद झाला. तुम्ही सूप खाली ठेवलंत आणि म्हणालात, “म्या जित्ती हाय अजून.”

अहो, मला काय माहीत! जिवंत माणसाचं नाव पोराला ठेवत नाहीत, ठेवलं म्हणजे त्याच्या मरणाची वाट बघितल्यासारखं होतं, हे माझ्या माहेरी कधी निघालंच नव्हतं. मी द्यायला गेले मान, आणि तुम्हाला ऐकू आलं, थेरडे, कधी जातेस. दिवसच्या दिवस तुम्ही माझ्याशी तुटक बोललात. कळंबहून वन्सं खास एसटीनं आल्या आमची समजूत घालायला, आणि दोघींची बाजू घेऊन दोघींनाही चिडवून गेल्या.

आणि मग ती कालव्याची वाट. धुणं धुऊन आपण परत येत होतो, बादली तुमच्याकडं, पिळे माझ्या खांद्यावर. तुम्ही मधेच थांबलात. मागं वळून म्हणालात, “समज, ठिवलं नाव. तू हाक कशी मारणार? सासूचं नाव घेणार व्हय तोंडानं?”

“घेणार,” मी म्हटलं.

“लई शिकल्याली हायस न्हवं? मग मार. हितं दुसरं कुणी न्हाय. मार हाक.”

मी तोंड उघडलं. जिजी, मी खरंच उघडलं. आतून आलं ते ‘जि’. तुम्ही वाट बघत होता. बादलीतलं पाणी हिंदकळायचं थांबलं तरी तुम्ही बघत होता. मग “बघ, न्हाय निघत,” म्हणालात आणि पुढं चालू लागलात. पुढं वन्संनी पोरीचं नाव पूजा ठेवलं, आणि विषय संपला.

विषय संपला नाही. तुम्ही गेल्यापासून मला एकच गोष्ट कुरतडते आहे. कालव्यावर तुम्ही माझी परीक्षा घेत होता, की मागत होता? नुसतं मला गप्प करायचं असतं तर घरी चार माणसांत केलं असतं. रिकाम्या वाटेवर थांबून, “हितं दुसरं कुणी न्हाय” असं कशाला म्हणालात? आणि मागायचंच होतं तर नीट मागायचं ना! रागानं मागितलेलं माणसाला कळतं का? तुमचं हे नेहमीचंच. हुरडा आवडायचा तर म्हणणार, “पोरान्ला भाजा, मला नगं,” आणि मग चुलीतली राख उकरत बसणार.

उगाच भांडायला लागले. तुमच्यावर चिडायला मला तुमचंच एक उपकाराचं ओझं आड येतं, तेही सांगून टाकते. लग्नात वन्संनी ताटात तांदूळ पसरून आणले होते, मुलानं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. वैशाली ठरलं होतं. मला कुणी विचारलंही नव्हतं. तुमचा मुलगा ‘वै’ काढून बसला, एवढ्यात तुम्ही पुढं झालात आणि ताटाला असा एक हिसका दिलात की तांदूळ सपाट. “ह्ये आमच्यात कदी न्हवतं. तिच्या बापानं ठिवल्यालं नाव हाय. ऱ्हाऊ द्या.” मी मुंडावळ्यांच्या आडून तुमच्याकडं बघितलं. तीन संगीतांमधली बसवून ठेवलेली संगीता मी, माझ्या नावासाठी कुणीतरी पहिल्यांदा उभं राहिलं होतं. त्याबद्दल मी तुमच्याशी कधी बोलले नाही. आज बोलते. जिजी, माझं नाव तुम्ही राखलंत.

आता ऐका, इथं काय चाललं आहे ते. तुमची ही नात झाली आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, जिजी परत आली. आता तुम्ही नाही, तेव्हा नाव ठेवायला कुणाची हरकत नाही. पण वन्संनी परवा काय सुचवावं! “वयनी, आसं करू. पाळण्यात आईचं नाव ठिवू, म्हंजी आईचं बी समाधान. आन् हाक मारायला प्रियांका.” मी म्हटलं, चालणार नाही. पाळण्यात ठेवलेलं नाव पाळण्यातच मरतं, हे मी अंगणवाडीत रोज बघते. तुमच्या नावाचं एकदा तेच झालं, परत होऊ देणार नाही. तर तुमचा मुलगा मधे पडला. “आगं, पोरगी खोड्या करणार, तू धपाटा घालणार. तवा काय आईचं नाव घिऊन शिव्या देणार व्हय?”

“देणार की,” मी म्हटलं. वन्संनी तोंडाला पदर लावला. रडल्या की हसल्या, कळलं नाही.

आबांना हल्ली फारच कमी ऐकू येतं. चहा झाला म्हणून तीनदा सांगावं लागतं. तुम्ही गेल्यावर ते एकदाही खोकले नाहीत, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

आणि आज दुपारी शहनाजचाची आली बांगड्या भरायला. माझा हात दाबत दाबत म्हणाली, “आवं, जिजीचं खरं नाव काय वो? इतकी वरसं बांगड्या भरल्या, कदी इचारलंच न्हाय.” मी तोंड उघडलं, आणि परत तेच. म्हटलं, “उद्या सांगते, चाची. बारशाला या.” आता उद्या तिला तरी उत्तर द्यायला हवं. मला बसवत नाही. उठते.

*

बारसं झालं. दुसरा दिवस आहे. काल लिहायची ताकद नव्हती.

घरात बायका मावत नव्हत्या. तुमच्या दुःखातलं बारसं म्हणून आवाज न करता करायचं ठरलं होतं, पण बायका जमल्यावर आवाज व्हायचा तो झालाच. घुगऱ्या वाटल्या. मधल्या घरात पाळणा, उंबऱ्यापलीकडं ओसरी, तिथं आबा पाठ करून, बाहेर बघत बसलेले. बारशात पुरुषाचं काय काम, तरी उठून गेले नाहीत.

वन्सं पाळण्यात वाकल्या, कुर्रर्र केलं, पोरीच्या कानात बोलल्या. बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले. वन्सं पाठ चोळत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आईचं ठिवलं.” बघा, लेक असून त्यांनाही चारचौघींत उच्चारवलं नाही. आईचं, एवढंच. कोपऱ्यातून शहनाजचाची म्हणाली, “आवं, पर काय ठिवलं?”

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी पोरीला उचलून मांडीवर घेतलं. घशाशी तोच ‘जि’ येऊन बसला होता. मला कालव्याची वाट दिसत होती, हातात बादली धरून थांबलेल्या तुम्ही दिसत होता, आणि मला एकदम तुमचा असा राग आला, अशी माया आली, की मी म्हटलं, “कऱ्हे.”

आवाज चिरका निघाला. हाक कसली, पुटपुटल्यासारखं. चुलीकडच्या बायकांना ते ऐकूही गेलं नाही. पण ओसरीवरच्या आबांनी मान वळवली. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, पाळण्याकडं बघितलं नाही. ते सरळ चुलीकडं बघायला लागले, तुम्ही बसायचा त्या पाटाकडं.

मग मी दुसरी हाक मारली. मामांसारखी, पार बांधापर्यंत जाईल अशी. “कऱ्हेऽऽऽ!” पोरगी दचकून रडायला लागली. माझी आई ओरडली, बाळंतिणीनं एवढं ओरडू नये म्हणून. वन्सं डोळे पुसत होत्या. चाची म्हणाली, “लई गॉड हाय की नाव.”

आणि आबा खोकले. इतक्या दिवसांनी. पाण्याचा खोकला होता. घरभर बायका होत्या, कुणीतरी तांब्या न्यायला हवा होता, पण एकीलाही उठायचं सुचलं नाही. आम्ही सगळ्या चुलीकडं बघत बसलो, तुम्ही उठाल म्हणून.